तांडेल मावशींची बुडालेली माणसं

तांडेल मावशींनी मला पहिली हाक मारली ती "ए, मराठी!" अशी.

२००१ सालचा नोव्हेंबर होता. मी नागपूरहून न्यू जर्सीला आलो होतो आणि आल्या आल्या बेंचवर बसलो होतो. बेंचवर म्हणजे कंपनीने अमेरिकेत आणून ठेवायचं आणि प्रोजेक्ट मिळेपर्यंत आपण रेझ्युमे पाठवत बसायचं. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही पाच जण आणि कॉम्प्युटर एक, म्हणून मी रोज सकाळी पब्लिक लायब्ररीत जाऊन तिथला कॉम्प्युटर धरत असे. त्या दिवशी लॉबीतून आईला फोन केला, सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं आणि आत आलो, तर कोपऱ्यातल्या मायक्रोफिल्मच्या यंत्रामागून ही हाक.

पासष्टीच्या आसपासच्या बाई. सुती साडी, तिच्यावर हॉस्पिटलातले डॉक्टर घालतात तसला पांढरा कोट आणि पायांत पुरुषी स्नीकर्स.

"आईशी खोटं बोलत होतास ना? असू दे. तुझे हात लांब आहेत. हे रीळ मागे अडकलंय, तेवढं सोडव."

मी सोडवलं. पडद्यावर बारीक, पुसट अक्षरं सरकली.

"वाच."

मला धड वाचता येईना.

"'एफ'सारखं दिसतं ते 'एस' आहे रे. तेव्हाची छपाई तशी. आता वाच."

अठराशे सालाच्या सुमाराच्या एका वर्तमानपत्रातली जहाजांच्या बातम्यांची ती पट्टी होती. कुठलं जहाज बंदराला लागलं, कुठलं सुटलं, कुठलं कुणाला वाटेत दिसलं. सगळ्यात खाली एक जहाज बुडाल्याची बातमी होती. कॅप्टनचं नाव होतं, मालकाचं होतं, साखर किती पिंपं होती ते होतं. आणि शेवटी तीन शब्द, ऑल हँड्स लॉस्ट.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"सगळे बुडाले."

"सगळे कोण?"

"हँड्स म्हणजे... खलाशी."

"हात," त्या म्हणाल्या. "पिंपं मोजली आणि माणसांचे नुसते हात लिहिले. हात बुडाले, मग माणसं कुठे गेली?"

त्या हे मला विचारत नव्हत्या. त्यांनी मांडीवरची लांबट निळी वही उघडली, लॅबमध्ये असतं तसलं रजिस्टर, आणि त्यात एक ओळ लिहिली. नावाचा रकाना मोकळा, वयाचा मोकळा, गावाचा मोकळा. भरला फक्त शेवटचा रकाना. 'जर्सी किनारा, वादळ.'

डॉक्टर इंदुमती तांडेल. देवगडजवळच्या एका बंदरातल्या. मुंबईला डॉक्टर होऊन साठच्या दशकात अमेरिकेला आल्या आणि एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून आयुष्यभर राबल्या. लग्नानंतरही माहेरचंच नाव ठेवलं. डिग्रीवर जे आहे तेच दारावर, असा त्यांचा खाक्या. यजमान माझी ओळख होण्याआधीच वारले होते. एकुलता मुलगा निखिल टेक्ससला, फ्रिस्कोमध्ये. ओक ट्री रोडपासून दहा मिनिटांवर त्यांचं टाउनहाउस होतं आणि त्याच्या डायनिंग टेबलावर कुणी कधी जेवलेलं मी पाहिलं नाही. तिथे रजिस्टरं असायची. आम्ही किचनमध्ये ओट्याला टेकून उभ्याने जेवायचो.

रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका भजनाला जातात, क्रूझला जातात. मावशी दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या खलाशांची नावं शोधत बसल्या. अठराशेनंतरची पहिली वीस-पंचवीस वर्षं आणि न्यू जर्सीचा किनारा, एवढाच तुकडा त्यांनी घेतला होता. पण त्या तुकड्यातसुद्धा जहाजं काही कमी बुडालेली नव्हती. तेव्हा किनाऱ्यावर दिवे जवळजवळ नव्हतेच, आणि वाळूचे दांडे दर हिवाळ्यात जागा बदलायचे. ईशान्येचा वारा सुटला की न्यूयॉर्कला निघालेली शिडाची जहाजं आयती येऊन दांड्यावर बसायची आणि दोन-चार भरत्यांत मोडून जायची.

"हे का करता मावशी?" असं सगळे विचारायचे. मीही विचारलं.

"फॉर्म अर्धवट राहिलाय म्हणून," एवढंच उत्तर. "मी अर्धवट फॉर्मवर कधी सही केली नाही."

बोलण्यात त्यांना मोघम काही चालत नसे. कुणी म्हटलं, अमके गेले, की त्या विचारायच्या, "कशाने?" कुणी म्हटलं, अटॅकने, तर, "अटॅक हे कारण नव्हे. पुढे बोल." पाल्हाळ लावणाऱ्याला त्या मध्येच थांबवायच्या, "पुढचा कॉलम?" एकदा मंडळाच्या गणपतीत कुणा बाईंनी कौतुकाने विचारलं की डॉक्टर, तुम्ही म्हणे बोटींवर रिसर्च करता. मावशींच्या हातात मोदकाची प्लेट होती. त्या लगेच सुरू झाल्या.

"सगळे लिहितात, बुडून मेले. निम्मे बुडालेच नसतील. जानेवारीचं पाणी. डेकवरून लाटा जायला लागल्या की हे वर दोरखंडांत चढून बसायचे. अंगावरचे कपडे ओले. किनारा समोर दिसतोय, किनाऱ्यावरची माणसं दिसतायत, होडी काही येत नाही. आधी बोटं जातात. बोटं गेली की दोर धरता येत नाही. शेवटी तर थंडी वाजायचीसुद्धा थांबते, माणसाला झोप येते. म्हणजे मरणाचं कारण गारठा. लिहिलंय काय? ड्राउन्ड."

बाई मोदक घेऊन हळूच दुसऱ्या टेबलावर गेल्या. मावशींना त्याचं काही नव्हतं. उरलेलं त्यांनी मला सांगितलं.

त्यांचं गाडी चालवणं हा वेगळाच प्रकार होता. पार्कवेवर सगळे सत्तरने जात असताना मावशींची कॅम्री पन्नासने, मधल्या लेनमधून, आणि मान मात्र झाडांच्या शेंड्यांकडे. "वारा फिरला बघ," असं त्या मध्येच म्हणायच्या आणि मी डॅशबोर्ड धरायचो. मासे घ्यायला त्या नुअर्कच्या पोर्तुगीज वस्तीत जायच्या आणि कोळ्याच्या पोरीला शोभेल अशा ऐटीत माशाचं कानशील उचलून बघायच्या. तिथला म्हातारा मासेवाला पोर्तुगीजमध्ये भांडायचा, मावशी मालवणीत. दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं.

माझ्या आयुष्यात त्यांनी एकदाच हात घातला. २००३ च्या फेब्रुवारीत माझे बाबा गेले. नागपूरला जावं तर परत यायला व्हिसाचं स्टॅम्पिंग, आणि त्या दिवसांत ते मिळेल की महिनोन् महिने अडकेल, कुणी सांगू शकत नव्हतं. प्रोजेक्ट जेमतेम लागलेलं. मी गेलो नाही. मित्र येऊन गेले, बी स्ट्राँग यार म्हणाले. मावशी दुपारी आल्या त्या मुगाची खिचडी घेऊन. मला खायला लावली. मग समोर बसल्या.

"बाबांचं पूर्ण नाव सांग."

मी सांगितलं.

"काम काय करायचे?"

"पोस्टात होते. सॉर्टिंगला."

"कुठल्या गावचे मुळात? शेवटचं काय जेवले? मोठ्याने हसायचे का तोंडातल्या तोंडात?"

त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. बाबा पाकिटावरचं अक्षर बघून गाव ओळखायचे, हे मी कितीतरी वर्षांत आठवलंही नव्हतं. बोलता बोलता मी रडायला लागलो तर त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "रड, पण सांगत राहा." दोन तासांनी उठल्या आणि डबा धुऊन घेऊन गेल्या.

मावशींची सगळ्यात लाडकी बोट म्हणजे ती 'तेराजणी'. जहाजाचं खरं नाव वेगळं, पण त्या तेराजणीच म्हणायच्या, कारण त्यात तेरा माणसं गेली होती. मुंबईहून कापूस आणि मिरी घेऊन न्यूयॉर्कला येताना ती ऐन हिवाळ्यात जर्सी किनाऱ्याच्या एका लहानशा गावापाशी फुटली. त्या गावात जुन्या होडीच्या शेडमध्ये दोन खोल्यांचं म्युझियम आहे आणि ते तेव्हा वॉल्टर नावाचा एक निवृत्त शाळामास्तर शनिवार-रविवारी उघडायचा. उंच, वाकलेला, दोन्ही कानांना यंत्रं. मावशींची आणि त्याची मैत्री मजेदार होती. तो ऐकायचा कमी आणि त्या बोलायच्या फार, त्यामुळे दोघंही खूश.

वॉल्टरनेच त्यांना गावाच्या दफनभूमीतला तो उंचवटा दाखवला होता. तेराजणीची लाटांबरोबर आलेली माणसं गावकऱ्यांनी तिथे एकाच खड्ड्यात पुरली होती. वर एक लाकडी फळी होती, ती कुजून गेलेली. गावाच्या इतिहास मंडळाने तिथे ग्रॅनाइटचा दगड बसवायचं ठरवलं होतं. मजकूर ठरलेला होता. वर नांगराचं मोठं चित्र, खाली कॅप्टनचं नाव, त्याखाली 'आणि त्याचे खलाशी'.

"आणि त्याचे," मावशी मला गाडीत म्हणाल्या. "जसे काही त्याचे बूट."

मग दीड वर्ष त्या तेराजणीच्या मागे लागल्या. जहाज निघताना कप्तानाला खलाशांची यादी सरकारात द्यावी लागायची. नाव, जन्मगाव, वय, उंची, वर्ण. ती यादी त्यांना फिलाडेल्फियाच्या सरकारी दफ्तरखान्यात मिळाली. पण जाताना असलेली सगळी माणसं येताना नव्हती. कुणी वाटेत तापाने मेला, कुणी बंदरात पळून गेला. शेवटी त्यांना जहाजाच्या मेटचा जबाब सापडला. मेट म्हणजे कप्तानाच्या खालचा. तोच एकटा वाचला होता आणि त्याने किनाऱ्याला आल्यावर शपथेवर सगळं लिहून दिलं होतं. कोण कुठे मेला, कोण पळाला, शेवटी जहाजावर कोण होतं. मावशींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एकेक नाव जुळवत गेल्या. कप्तान सोडून नऊ नावं जुळली. नऊ! मला ऑफिसात फोन आला.

"नऊ मिळाले रे! एक तर सतरा वर्षांचा. उंची पाच फूट दोन इंच. अजून वाढला असता."

"आणि कप्तान धरून दहा. उरले तीन?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"तीन आपले आहेत," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी ये. फोनवर नको."

संध्याकाळी त्यांनी जबाबाची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. वळणदार अक्षरात मेटने लिहून दिलं होतं की मुंबईला माणसं कमी पडली म्हणून तीन लास्कर चढवले, त्यांतला एक त्यांचा टिंडल. लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. नावं नाहीत.

"टिंडल वाच नीट," मावशी म्हणाल्या.

"तांडेल?" मी ओरडलोच. "मावशी, हा तुमच्या घराण्यातला!"

"गप्प बस. तांडेल हा हुद्दा. खलाशांचा मुकादम. प्रत्येक जहाजावर एक. माझ्या घराण्यात कुणीतरी तांडेल होता म्हणून आम्ही तांडेल. हा तांडेल कुठला, हिंदू की मुसलमान, कोकणातला की काठेवाडचा, मला काय ठाऊक?"

पण बोट त्यांनी त्या शब्दावरून बराच वेळ काढलं नाही.

मावशींनी सगळे कागद वॉल्टरला नेऊन दिले. वॉल्टर आनंदाने वेडा झाला आणि त्या आनंदात त्याने तिथल्या छोट्या वर्तमानपत्राच्या वार्ताहराला सांगितलं. पुढच्या आठवड्यात पहिल्या पानावर मावशींचा फोटो आला. वर मथळा, दोनशे वर्षांनी भारतीय डॉक्टरला सापडला बुडालेला पूर्वज. एडिसनमध्ये फोन वर फोन. निखिलचा फ्रिस्कोहून आला, "आई, धिस इज सो कूल!" इतिहास मंडळाचा तर सूरच बदलला. त्यांनी मावशींना बैठकीला बोलावलं. मी गाडी चालवायला म्हणून गेलो. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून चावी माझ्याकडे दिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेडमध्ये सात-आठ माणसं बसली होती. अध्यक्षबाई गोड हसून म्हणाल्या, दगडाची अख्खी मागची बाजू आम्ही तुमच्या पूर्वजाला द्यायचं ठरवलंय. तुमच्या भाषेतही लिहू. समारंभाला तुमचं कुटुंब येईल का?

मावशी उभ्या राहिल्या. त्यांचं इंग्रजी अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही सरळसोट कोकणी होतं.

"बातमी चूक आहे," त्या म्हणाल्या. "तो माझा पूर्वज आहे याला पुरावा नाही. मी तसं बोलले नव्हते. वर्तमानपत्राला दुरुस्तीचं पत्र कालच पाठवलंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षबाईंनी समजुतीच्या सुरात विचारलं, "पण डॉक्टर, मग तुमचं या माणसाशी नातं काय?"

"काही नाही. कुणाचंच काही नाही. म्हणून तर लिहायला हवं."

"नाव तर तुम्हालाही ठाऊक नाही. मग लिहायचं काय?"

"तेच लिहायचं. तिघे होते, मुंबईला चढले, एक तांडेल होता आणि नावं ठाऊक नाहीत. आणि दुसऱ्या नऊ जणांची नावं ठाऊक आहेत, ती सगळी."

चर्चा झाली. इतक्या ओळी दगडावर मावणार नाहीत, असं कुणी म्हणालं. वॉल्टर काहीतरी बोलायला उठला, पण त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं आणि तो ते काढून हातात धरून तसाच उभा राहिला. निर्णय पुढे ढकलला. पुढे ढकलणं म्हणजे काय, ते आम्हाला दोघांनाही कळत होतं.

परतताना मला राहवलं नाही. "मावशी, एवढं चाललं असतं. पूर्वज नसेलही, पण असूही शकतो ना? निदान तो दगडावर तरी आला असता. आता ना तो, ना ते नऊ."

त्या इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "गाडी बाजूला घे," म्हणाल्या. मी पेट्रोल पंपावर थांबवली.

"त्याला मी माझं नाव दिलं, की त्याचं स्वतःचं नाव शोधायला पुन्हा कोण जाईल? लोक म्हणतील, सापडला, झालं. खोटं भरलं की खऱ्याची जागाच जाते रे. मोकळी सोडली तर निदान कुणाला तरी दिसते, की इथे कुणीतरी होतं."

मग हातानेच गाडी काढ अशी खूण केली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला काय वाटलं नसेल? छापून आलेलं ते वाचून मीही दोन दिवस पेपर उशाशी घेऊन झोपले."

तीन महिने काही कळलं नाही. मावशींनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. तेवढ्यात माझं लग्न झालं, रोहिणी आली. मावशींनी तिला पहिल्याच भेटीत माझ्यासमोर विचारलं, "हा खोटं बोलतो तेव्हा ओळखता येतं का तुला? मी शिकवीन." दोघींचं लगेच जमलं.

आणि एका रविवारी वॉल्टर स्वतः गाडी चालवत एडिसनला आला. मी तिथेच होतो. त्याने डायनिंग टेबलावर, रजिस्टरांच्या वर, एक कागद पसरला. दगडाचं नवीन चित्र होतं. चारही कोपऱ्यांपर्यंत नुसती अक्षरं.

"नांगर काढला," वॉल्टर म्हणाला. "मी दर बैठकीला ती नऊ नावं मोठ्याने वाचायचो. मला ऐकू येत नाही, त्यामुळे ते किती वैतागलेत तेही मला कळायचं नाही. चौथ्या बैठकीला अध्यक्षबाई म्हणाल्या, नांगर काढला तर मावेल सगळं."

मावशींनी भिंग लावून एकेक स्पेलिंग तपासलं. एका आडनावात एक 'टी' कमी होता, तो घातला. सगळ्यात खालची ओळ होती, 'मुंबईला जहाजावर चढलेले तीन खलाशी, त्यांतील एक तांडेल. त्यांची नावे ठाऊक नाहीत.'

भिंग खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बरं केलंत नांगर काढलात. त्यांच्या तरी तो कुठे उपयोगाला आला होता?" वॉल्टरला ते ऐकू गेलं नाही. पण मावशी त्याच्याकडे बघून हसत होत्या, म्हणून तोही हसला.

दगड बसवला त्या दिवशी गावातली तीसेक माणसं होती. भाषण कुणी फारसं केलं नाही. वॉल्टरने नावं वाचली आणि शेवटच्या तिघांपाशी तो थांबला, तेव्हा मावशींनी नऊ नावं वाचायला लागला होता तेवढाच वेळ थांबा, असं हाताने दाखवलं. लोक तसेच उभे राहिले. वारा होता. कुणी हललं नाही.

घरी येताना पार्कवेवर त्या आपण होऊन बोलायला लागल्या. रोहिणी मागे बसली होती. इतकी वर्षं जे मी विचारत होतो त्याचं उत्तर त्यांनी तेव्हा दिलं, तेसुद्धा समोर रस्त्याकडे बघत.

त्यांचे वडील एका गलबताचे तांडेल होते. मंगलोरी कौलं भरून मुंबईला जायचे. मावशी नऊ वर्षांच्या असताना, मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या खेपेला गलबत निघालं ते मुंबईला पोचलंच नाही. त्या वर्षी पाऊस आठ दिवस आधी आला होता. आठ माणसं होती. फळकूटसुद्धा कुणाला मिळालं नाही. मालकाने गलबत गेल्याचं कळवलं, माणसांचं कुणी काहीच कळवलं नाही.

"आईला सगळे सांगायचे, कुंकू पूस. ती म्हणायची, मला कुणी कळवलंय? दरवर्षी विचारायचे, दरवर्षी तेच. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी घेऊन काका आले. त्यांनाही तिने चहा पाजून परत पाठवलं."

"मग?" रोहिणीने हळूच विचारलं.

"मग मी डॉक्टर झाले. इथे आले, लोकांच्या मरणाच्या कागदांवर सह्या करायला लागले. आणि एक दिवस भावाचा ट्रंक कॉल आला. आई गेली. आवाज धड येत नव्हता. तो म्हणाला, इंदू, बायका थांबल्यात. आईला लुगडं कुठलं नेसवायचं? हिरवं की पांढरं?"

मी स्पीड कमी केला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"मी डॉक्टर. मला ठाऊक होतं सगळं. अठ्ठावीस वर्षं कोण पाण्यात जगतं? लाइन तुटत होती, भाऊ ओरडून विचारत होता, सांग लवकर. मी म्हटलं, हिरवं. पुरावा कुठे होता माझ्याकडे?"

रोहिणीने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला आणि म्हणाल्या, "पुढच्या एक्झिटला घे रे. मला भूक लागलीय."

२००७ च्या हिवाळ्यात मावशी घसरल्या आणि खुबा मोडला. निखिल येऊन त्यांना फ्रिस्कोला घेऊन गेला. रजिस्टरं वॉल्टरच्या म्युझियमला गेली. मला वाटलं होतं, किनाऱ्यापासून इतक्या लांब त्या कोमेजतील. फोनवर तरी तसं वाटत नव्हतं. तिथल्या फिजिओथेरपिस्टशी, निखिलच्या कुकरशी, टेक्ससच्या उन्हाशी त्यांची भांडणं जोरात चालू होती.

२००८ च्या जूनमध्ये माझं डॅलसला एका क्लायंटकडे काम निघालं. काम संपवून परतीच्या दिवशी मी दुपारी फ्रिस्कोला गेलो. मावशींना त्यानंतर मी पाहिलं नाही. ऑक्टोबरात त्या गेल्या, आणि कशाने, ते मी निखिलला नीट विचारून घेतलं. पण त्या दिवशी त्या चांगल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, वॉकर धरून चालत होत्या, आणि सून ऑफिसात असताना गोठवलेल्या सुरमईचं सार स्वतः करून त्यांनी मला वाढलं. फ्रोझन मासा म्हणजे वर्षभरापूर्वीचं वर्तमानपत्र, असं म्हणत दोनदा वाढलं.

निघताना त्या गॅरेजच्या दारापर्यंत आल्या. समोर सगळी एकसारखी नवी घरं, कोवळी झाडं काठ्यांना बांधलेली, आणि ऊन नुसतं रणरणत होतं.

"किती वाजता उतरतंय विमान?"

"साडेसातला, मावशी."

"पोचलास की फोन कर."

"मावशी, मी महिन्यातून चारदा विमानात बसतो. आता कोण..."

"कर," त्या म्हणाल्या.

मी गाडी काढली. वळणावर मागे पाहिलं तर त्या अजून उन्हातच उभ्या होत्या, एक हात वॉकरवर, दुसरा कपाळावर आडवा धरून, लांब बघतात तशा.

नुअर्कवर विजांचं वादळ होतं. आमचं विमान तासभर वर घिरट्या घालत राहिलं. उतरल्यावर, चाकं अजून धावत असतानाच मी फोन चालू केला. फ्रिस्कोच्या घरून पाच मिस्ड कॉल होते. मी लावला. निखिलने पहिल्याच रिंगला उचलला.

"थँक गॉड यार. आई फोनपाशी बसलीय, उठतच नाहीये. होल्ड ऑन."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"पोचलास?"

"पोचलो मावशी. इथे वादळ होतं म्हणून विमान जरा..."

कारण त्यांनी ऐकून घेतलं नाही. फोन तसाच हातात धरून त्यांनी आत वळून घरातल्यांना मोठ्याने सांगितलं, ते मला लांबून पण स्वच्छ ऐकू आलं.

"पोचला रे! पोचला तो. वाढा आता."